टेबलावर घेतलेलं नाव

आमच्या सांगोल्याकडं लग्नात, बारशाला, डोहाळजेवणाला नाव घ्यायची वेळ आली की बायका मला पुढं ढकलायच्या. पाठ केलेले उखाणे मला कधी लागले नाहीत. समोर दिसेल त्यावरून उभ्या उभ्या जुळवायचे आणि त्यात कुणाची तरी खोड काढायची, हा माझा स्वभाव. कुणाच्या मिशीची, कुणाच्या नव्या फ्रीजची. बायका पोट धरून हसायच्या. एरवी मात्र नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बारावी शिकलेली असले तरी मीही ती पाळायची. 'हे' म्हणायचं, 'अवं' म्हणायचं, भागून जायचं.

लग्नानंतर मी सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात आले. हे एका कॉलेजात क्लार्क. पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा ह्यांनी आणि सासूबाईंनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. कुठला दवाखाना ते सांगत नाही, सांगून आता काय उपयोग? सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या माझा हात धरून लेबर रूमच्या दारापर्यंत आल्या.

"मला येऊ द्या की आत. पयलटकरीण हाय, भ्याली हाय," आत्या म्हणाल्या.

तिथल्या आयाबाईला सगळे मावशी म्हणत. मावशीनं आत्यांचा हात माझ्या हातातून सोडवला आणि दार लावून घेतलं.

उन्हाळा होता. खोलीत पंखा नुसता गरम वारा ढवळत होता. लोखंडी टेबलावर रेक्झिनची गादी, तीही फाटलेली, आणि कमरेखाली माझ्या अंगावर काही नाही. साडी वर करून ठेवलेली, पांघरूण मागितलं तर मावशी म्हणाली, "हितं कोण बघायला बसलंय तुला?" दारातून वॉर्डबॉय दोनदा आत येऊन गेला. शेजारच्या टेबलावर एक बाई होती, तीही माझ्यासारखीच उघडी. लाजेनं मला कळांपेक्षा जास्त रडू येत होतं.

सिस्टर आली. चाळिशीची असेल. हातात माझा कागद होता, त्यावर सगळं लिहिलेलं होतं, तरी तिनं विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेर आत्या हायेत, त्यास्नी इचारा की."

झालं. तिला खेळायला मिळालं. "अगं बाई! नाव घ्यायला लाजते! नवऱ्याजवळ जाताना कुठं गेली होती लाज?" मावशी खो खो हसली. शेजारची बाई स्वतः कळा देत होती, तीसुद्धा हसली. मग सिस्टर म्हणाली, "चल, उखाण्यात घे. घेतल्याशिवाय मी हात लावणार नाही."

मी हात जोडले. म्हटलं, "बाई, पाणी गेलंय माझं. पोर खाली आल्यासारखं वाटतंय. तपासा आधी."

"नाव घे, मग तपासते."

एक कळ आली, मी ओरडले. तिनं माझ्या मांडीवर फाडकन चापट मारली. "ओरडायचं नाही. नाव घ्यायचं." लग्नघरात नवरीला अडवतात तशी ती माझ्या पायाशी हाताची घडी घालून उभी राहिली. माझ्या पोटात माझं लेकरू बाहेर यायला धडपडत होतं आणि ही बया नाव घे म्हणत होती! माझं डोकं सणकलं. भीती कुठल्या कुठं गेली. मी कोपरावर उठले आणि म्हटलं,

"लोखंडाची खाट, वर रेक्झिनची गादी,
...रावांचं नाव घेते, सिस्टरला होऊ दे माझ्याआधी!"

शेजारची बाई फिसकन हसली. मावशी हसली नाही. तिनं जीभ चावली आणि भिंतीकडं बघायला लागली. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. तिला मूलबाळ नव्हतं, हे मला मागाहून कळलं. बरीच वर्षं औषधपाणी करून थकली होती म्हणे. मला काय ठाऊक? आणि ठाऊक असतं तरी मी वेगळं काही बोलले असते असं मी आजही म्हणणार नाही. उखाणा मागितला कुणी?

तिनं हातात चढवलेले मोजे काढले, बादलीत टाकले आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसली.

पुढच्या कळेला डोकं बाहेर आलं. मला ते हाताला लागलं, ओलं, गरम. मी बोंब मारली. मावशी दारात जाऊन म्हणाली, "सिस्टर, आलं की वं." तिकडून आवाज आला, "येऊ दे. तोंड लई चालतंय तिचं, तीच काढील." मावशी तिथंच उभी राहिली. ना पुढं, ना मागं. मी तिला म्हटलं, "मावशी, तुमच्या पाया पडते, धरा ओ कुणीतरी." तिनं पदर तोंडात घातला. शेजारची बाई आता हसत नव्हती, तीच ओरडायला लागली, "अवं, मरंल की तिचं पोर!"

खांदे अडले. मी जोर करत होते, हातानं चाचपत होते. मानेभोवती दोरासारखं काहीतरी होतं, माझ्या बोटात येत होतं आणि निसटत होतं. नाळ होती ती. सिस्टर आली तेव्हा पळत आली, एवढं खरं. पण तोवर मुलगी निळी पडली होती. वरच्या मजल्यावरून डॉक्टर आले, त्यांनी तिला उलटं केलं, पाठीवर चोळलं, तोंडात नळी घातली. ती रडली नाही.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेशंट को-ऑपरेट करत नव्हती, सर," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. मी सांगायला लागले, तर ते म्हणाले, "शांत पडा आता." मुलीला त्यांनी हिरव्या कपड्यात गुंडाळलं. मला मांडीवरही दिली नाही. तिचं नाक माझ्यासारखं होतं का ह्यांच्यासारखं, ते मला आजवर माहीत नाही.

उखाण्याची गोष्ट मावशीनंच बाहेर नेली. मी वॉर्डात पोचायच्या आत ती आत्यांपर्यंत पोचली होती. आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "वांझेच्या वर्मावर बोट ठिवलंस गं! जिभंनं खाल्लीस पोरीला." माझ्या आईनंही तेच म्हटलं, जरा मऊ शब्दांत. घरी आल्यावर रात्री हे कूस बदलून म्हणाले, "एक सॉरी म्हणून टाकायचं की." माझ्या छातीतून दूध गळत होतं आणि हा माणूस मला सॉरी शिकवत होता.

दुसऱ्या खेपेला मी त्या दवाखान्यात जायचं नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं. कुणी ऐकलं नाही. आत्यांचं म्हणणं, त्या सिस्टरचा तळतळाट काढल्याशिवाय पोर जगायचं नाही. साडी आणि नारळ घेऊन त्या मला घेऊन गेल्या आणि सिस्टरच्या पाया पडायला लावलं. मी पडले. पोटातल्या पोरासाठी पडले. तिनं मला ओळखलंच नाही. "पहिलं काय?" तिनं विचारलं. "गेलं," मी म्हटलं. "अगं बाई, कशानं?" आत्या घाईनं म्हणाल्या, "नशीब, बाई."

दिवस भरून कळा सुरू झाल्या तेव्हा मी टेबलावर हूं की चूं केलं नाही. ओठ चावून रक्त काढलं, पण आवाज काढला नाही. सिस्टर वेळेवर आली, वेळेवर हात लावला, माझ्या अंगावर चादरसुद्धा घातली. माझ्या केसांवरून हात फिरवत मावशीला म्हणाली, "किती शहाणी बाई बघ ही." मुलगा झाला. खणखणीत रडला.

वॉर्डात आत्या शेजारच्या खाटांवरच्या बायकांना सांगत होत्या, "मागल्या बारीला लई बोलली, पोरगी घालवली. ह्या बारीला गप ऱ्हायली, म्हणून पोर हाताला लागलं." बायका माझ्याकडं बघत होत्या. मुलगा अंगावर पीत होता, जिवंत, धडधाकट, आणि तो तिथं असताना मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की पोरगी माझ्या बोलण्यानं गेली नाही? मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते आणि आत्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.