दुखणं दारात सांगायचं नसतं

माझा धाकटा भाऊ एका मोठ्या विमान कंपनीत हैदराबादला लोडर होता. विमानाच्या पोटात सामान ठेवतात तिथं उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून बॅगा ओढायच्या आणि रचायच्या, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. गावात मात्र 'विमानात हाय' एवढंच ठाऊक होतं, त्यामुळे लोक त्याला पायलटचा सख्खा शेजारी समजत.

मध्यंतरी कंपनी नव्या मालकांकडे गेली. नवे मालक कामगारांना कामगार म्हणत नव्हते, 'परिवाराचे सदस्य' म्हणत होते. माझी नोकरी परभणीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली, तिथं इतिहासाची बरीच पुस्तकं चाळली. पण मालक नातं जोडायला लागला की माणसं कमी होणार, हे कळायला पुस्तकांची गरज नव्हती. वर्षाच्या आत पत्र निघालं की लोडिंगचं काम ठेकेदाराला दिलं जाईल आणि कायम कामगारांनी स्वखुशीनं नोकरी सोडावी.

युनियनचा नेता गेटसमोर टेम्पोवर चढून रक्ताच्या शेवटच्या थेंबाबद्दल बोलला. थेंब कोणाचा, ते त्यानं मोघम ठेवलं. संप करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून असं ठरलं की एका सकाळी सगळ्यांनी मिळून आजारी पडायचं. त्याप्रमाणे सगळे पडले. कोणाला ताप, कोणाला जुलाब, कोणाला चक्कर. विमानं जागच्या जागी उभी राहिली.

या एवढ्या आजाऱ्यांत माझा भाऊ खरोखर आजारी होता. कंबरेच्या मणक्यातली गादी सरकली होती आणि डावा पाय बधिर व्हायचा. दुखणं चार-पाच वर्षांचं. कंपनीच्या वार्षिक तपासणीला तो गोळी खाऊन जायचा, फॉर्मवर 'काही त्रास आहे का' याच्यापुढं 'नाही' लिहायचा आणि सही करायचा. 'हो' लिहिणाऱ्यांची नावं कामगारांच्या पुढच्या यादीत दिसत नसत. संपाच्या निमित्तानं त्याला पहिल्यांदाच उघडपणे आजारी पडायची सोय झाली. तो रेल्वेनं परभणीला उतरला, पोखर्णीच्या पुढं आमचं गाव आहे तिथं गेला, आणि माजघरात फळी टाकून उताणा पडला.

कंपनीनं डॉक्टरांच्या सर्टिफिकेटांवर विश्वास ठेवला नाही. घरोघर तपासायला साहेब धाडले. बाकीच्यांच्या घरी तयारी चोख होती. नांदेडकडच्या एका धडधाकट माणसाच्या बायकोनं साहेब दिसताच नवऱ्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि साहेबालाच पंखा घालायला सांगितलं, असं भाऊ सांगत होता.

आमच्याकडे साहेब आला त्या दिवशी मी भावाला एमआरआयसाठी परभणीला नेलं होतं. घरी एकटी माय होती.

इथं आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे. घरातलं दुखणं दारात सांगायचं नाही. बोललं की ते वाढतं, आणि परक्याला सांगितलं तर मुक्कामाला राहतं. वडील शेवटचे आठ दिवस अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही माय भेटायला येणाऱ्यांना ओट्यावरूनच सांगायची, "बरे हायेत. आत्ताच भाकर खाल्ली." नवव्या दिवशी लोक मयतीला आले ते जरा रागातच.

आम्ही संध्याकाळी परतलो तर माय खुशीत होती.

"तुह्या कंपनीचा मानूस आलता," ती भावाला म्हणाली. "लय गुनी. बसून च्या पिला."

"काय इचारलं त्यानं?"

"कुठं हायेत म्हनला. म्हनलं शेतात गेलाय."

"मग?"

"तब्येत कशी हाय म्हनला. म्हनलं तब्येतीला काय धाड भरलीय, क्विंटलचं पोतं उचलतंय माहं पोरगं. सगळं वहीत लिहून घेतलं की त्यानं."

भाऊ भिंतीला धरून हळूहळू फळीवर टेकला.

"दादा," तो मला म्हणाला, "माय मॅनेजमेंटची निघाली."

साहेबाच्या वहीवरून भावावर खोट्या आजाराचा ठपका आला, आणि चौकशीला मी त्याच्याबरोबर हैदराबादला गेलो. काचेची खोली, भिंतीवर 'परिवार' हा शब्द सहा भाषांत. भावानं एमआरआय टेबलावर ठेवला. चौकशी अधिकाऱ्यानं त्याच्या शेजारी भावाचे वार्षिक तपासणीचे फॉर्म एकेक करून मांडले. प्रत्येकावर 'नाही' आणि खाली भावाची सही. फॉर्म खरे असतील तर एमआरआयला अर्थ नाही, आणि एमआरआय खरा असेल तर त्यानं इतकी वर्षं कंपनीला फसवलं. अधिकारी हे सगळं अतिशय मायेनं समजावून सांगत होता. शेवटी म्हणाला की आईंनी लेखी द्यावं, त्या दिवशी आपण चुकीचं सांगितलं आणि मुलगा आजारी होता. मग परिवार म्हणून विचार करता येईल.

निवेदन मी लिहिलं. दोनच वाक्यं. वयोमानामुळे माझ्या लक्षात राहत नाही, साहेबांना मी चुकीची माहिती दिली. माझा मुलगा त्या दिवशी आजारी होता. माय चौथी शिकलेली आहे. तिनं कागदावर बोट फिरवत दोन्ही वाक्यं वाचली आणि दुसऱ्यावर बोट थांबवलं.

"हे खोड."

"माय, तेच तर लागतंय त्यांना."

"मला येडी म्हन. म्हातारी झालीय, डोक्यावर परिनाम झालाय, असं लिही पाहिजे तर. देते सही. पन लेकराचं दुखनं मी माह्या हातानं लिहून देनार न्हाई."

"नोकरी जाईल त्याची."

"जाईल. पन लिहून दिलेलं दुखनं घरातून जात नसतं."

मी तासभर समजावलं. इतकी वर्षं पुस्तकांत काढली, पण तिच्यापुढं ठेवायला एक मुद्दा सापडला नाही. अखेर मी दुसरं वाक्य खोडलं, तिनं वळणदार सही केली. सहीच्या वर थोडी जागा उरली होती. तिथं ते वाक्य पुन्हा घालावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. भावाच्या ते लक्षात आलं असावं. त्यानं हात लांब करून कागद घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. आईंच्या मानसिक अवस्थेबद्दल कंपनीला सहानुभूती होती. मुलाच्या आजाराबद्दल निवेदनात काही आढळलं नव्हतं. सेवा समाप्त.

त्याच आठवड्यात युनियनची आणि मालकांची तडजोड झाली. आजारी पडलेले सगळे कामावर परत गेले, ओली पट्टीवालासुद्धा. 'ज्यांचं गैरवर्तन सिद्ध झालं आहे ते वगळून' असं एक वाक्य करारात होतं आणि त्या वाक्यात माझा भाऊ एकटाच बसत होता. ठेकेदार तर आलाच. त्याला फक्त सहा महिने उशीर झाला. युनियनच्या पत्रकात याला विजय म्हटलं होतं.

नेत्याचा फोन आला तेव्हा मी भावाजवळच बसलो होतो. विजयी मेळाव्यात तुमच्या त्यागाचा सत्कार करायचा आहे, शाल आहे, मानपत्र आहे, असं तो भरभरून सांगत होता.

भावानं सगळं ऐकून घेतलं. "सत्कार बसून करनार का?" त्यानं विचारलं. "उभं राहता येईना."

नेता मोठ्यानं हसला, ते मला फोनबाहेर ऐकू आलं. भावानं फोन उशाशी ठेवला आणि म्हणाला, "दादा, हात दे जरा. कूस बदलायचीय."