दाजींचा सरकारी सॅक्सोफोन

जव्हार संस्थानात सरळ वाजणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे कचेरीची घंटा. बाकी जे काही वाजायचं ते आमच्या दाजींच्या हातून वाजायचं, आणि म्हणून वाकडंच वाजायचं. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान; मी त्यांच्याकडेच राहून कचेरीत कारकुनी करायचो. संस्थानच्या बँडमध्ये ते सॅक्सोफोन वाजवत. त्या पितळी वाद्याचं नाव गावात कुणालाच धड घेता येत नसे, म्हणून सगळे त्याला ‘दाजींचा बाजा’ म्हणत. वास्तविक तो दाजींचा नव्हताच. सरकारी होता. नोकरी गेली की बाजाही जाणार, हे अक्काला उठताबसता आठवायचं आणि दाजींना कधीच आठवायचं नाही.

सुरुवातीला दाजीही चार लोकांसारखंच वाजवत, असं सांगतात. घोटाळा झाला तो मुंबईत. या बाजाच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी लागते. तसल्या पट्ट्या आणायला बँडमास्तरांनी त्यांना दोन दिवसांसाठी धाडलं, आणि स्वारी उगवली चांगली महिन्याभरानं. तिकडे एका बड्या हॉटेलात साहेबलोकांच्या नाचाला जॅझ नावाचा नवा प्रकार वाजत होता. ओळखीच्या आचाऱ्याला गाठून दाजींनी तो भटारखान्याच्या दारातून ऐकला आणि रोज ऐकायला मिळावा म्हणून तिथंच बटाटे सोलायला राहिले. “मेहुणे, ते लोक कागदाकडे बघतच नाहीत हो! बाकीचे आपली चाल धरून बसतात, एकटा भटकायला निघतो, कुठंकुठं जातो, आणि बरोबर जेवायच्या वेळेला घरी येतो!” हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पट्ट्या आणायला मात्र ते साफ विसरले होते.

तेव्हापासून दाजींना दिसेल त्याची चाल सुचू लागली. अक्का रागावली की भांडी ज्या क्रमानं आपटायची त्यावर त्यांनी एक चाल बांधली होती. ती इतकी हुबेहूब होती की कचेरीत बसल्या बसल्या ऐकली तरी आज घरी भाकरी मिळणार की नाही हे मला कळायचं. शिकवण्याचाही त्यांना भारी नाद. फी घेत नसत, पण शिष्याला बाजाला हातही लावू देत नसत. आधी त्याला बाजारपेठेतून चालवत न्यायचे आणि ध्यानीमनी नसताना एकदम थांबायला लावायचे. मागून येणारी मोळीवाली त्याच्यावर आदळून शिव्या घालू लागली की दाजी खुशीत ओरडायचे, “हा बघ, हा ठेका!” एका शिंप्यानं त्यांची शिकवणी लावली, तेव्हा शिलाईच्या यंत्रावर त्याचा पाय भलत्याच तालात पडू लागला आणि माझ्या नव्या सदऱ्याची एक बाही आखूड झाली. मी तक्रार घेऊन गेलो तर दाजी ती बाही हातात धरून कौतुकानं बघत राहिले. “आखूड नाही मेहुणे, ती जरा लवकर आलीय.”

पण खुद्द दाजींचेही एक गुरू होते, साखरशेतचे एक म्हातारे तारपकरी. दुधीभोपळ्याचा लांबलचक तारपा वाजवताना ते श्वास घ्यायला म्हणून कधी थांबत नसत. बाजाराच्या दिवशी दाजी त्यांना घरी आणत, चहा पाजत आणि आपला बाजा ऐकवत. म्हातारबाबा एकदा म्हणाले, “तू फुकतोस बेस, पन मधीच दम सोडतोस. नाचनारी पोरां काय पाय वर धरून ऱ्हातील?” आणि त्यांनी पपईचा पोकळ देठ तांब्यातल्या पाण्यात बुडवून फुंकायला सांगितलं. गालात हवा साठवायची, नाकानं नवी आत ओढायची, पाण्यातले बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. मग काय विचारता! घरातला एकही तांब्या मोकळा सापडेना. पाहुण्यांना पाणी देताना अक्का आधी आत वळून विचारायची, “अहो, यात फुंकलेलं नाही ना?”

हे सगळं घरात ठीक होतं. पण दाजी संस्थानच्या सलामीतही आपले चार सूर घालायला लागले आणि बँडमास्तर खवळले. हे गोव्याचे, पांढऱ्या मिशांचे, कागदावरचा ठिपकाही न चुकवणारे गृहस्थ. “दसऱ्याच्या दरबारात कागदावर आसा तितकेच सूर,” त्यांनी बजावलं. “एक जास्त झालो तर बाजा माझ्याकडे आणि तू घरी!” अक्कानं दाजींना देवापुढं उभं करून शपथ घ्यायला लावली. तिला नोकरीची काळजी नव्हती असं नाही, पण मला हळूच म्हणाली, “बाजा गेला तर हा माणूस जगायचा कसा रे?”

दसऱ्याला दाजींनी सलामी इतकी सरळ वाजवली की बँडमास्तरांनी दोनदा वळून पाहिलं. पुढे तारपा नाच सुरू झाला. नाचणाऱ्यानं तारपकऱ्याला पाठ दाखवायची नाही, ही त्यांची रीत. महाराजांना कुणीच पाठ दाखवायची नाही, ही दरबाराची रीत. नाचणाऱ्यांना दरबारानं त्यातून सूट दिली होती, दरबारच्या नोकरांना मात्र मुळीच नव्हती. नाच ऐन रंगात आला, आणि म्हातारबाबांच्या तारप्याचा भोपळा तडकला. सूर तुटला. सगळा फेर जिथल्या तिथं अडखळला. आजवर तो कधी असा अर्ध्यावर मोडला नव्हता. म्हातारबाबा कावरेबावरे होऊन इकडेतिकडे पाहू लागले आणि त्यांची नजर दाजींवर येऊन थांबली.

दाजी रांग सोडून निघाले. गणवेशातच फेराच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि म्हाताऱ्याची चाल त्यांनी बाजावर उचलली. पाय पुन्हा पडू लागले. मग दाजी भटकायला निघाले, कुठंकुठं गेले, फेराबरोबर स्वतःभोवती फिरत राहिले आणि प्रत्येक फेरीला महाराजांना पाठ दाखवत राहिले. श्वासाला म्हणून ते एकदाही थांबले नाहीत. बायकांत बसलेल्या अक्कानं पदर डोळ्यांना लावला होता. ती रडत होती की हसत होती, हे तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बँडमास्तर दारात हजर. दाजींनी बाजा धोतराच्या सोग्यानं पुसून लखलखीत करून ठेवला होता. तो त्यांनी पुढं केला. मास्तरांनी तो मांडीवर घेतला, अक्कानं दिलेला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि खाली बघत विचारलं, “काल तू श्वास खंय घेत होतोस?”

दाजींनी तांब्या आणि पपईचा देठ आणला. संस्थानचे बँडमास्तर आमच्या अक्काच्या ओटीवर मांडी घालून पाण्यात फुंकू लागले. बुडबुडे आले, थांबले, पुन्हा आले. एकदा तर सगळं पाणी त्यांच्याच बिल्ल्यांवर उडालं. गणवेशाची पुढची बाजू चिंब झाल्यावर ते उठले. “बँडमधून तुका काढलो,” ते म्हणाले. मग त्यांनी बाजाच्या भोकावरची एक चावी उगाच दाबून पाहिली आणि तो दाजींच्या हातात ठेवला. “ही चावी गळता. असलो बाजा दरबारात चालचो नाय. दुरुस्तीला ठेव तुझ्याकडे.”

ती दुरुस्ती काही संपली नाही. दाजी लग्नांत वाजवत राहिले, शिकवत राहिले, नाचाच्या दिवसांत बाजा गळ्यात अडकवून पार खोडाळ्यापर्यंत पाड्यापाड्यांवर जात राहिले. मास्तर दर दसऱ्याला विचारायचे, “झाली दुरुस्ती?” आणि दाजी मान हलवून म्हणायचे, “नाही अजून.”

दाजी गेले तेव्हा अक्का म्हणाली, सरकारी वस्तू आहे, परत करून ये. मी बाजा घेऊन मास्तरांकडे गेलो. ते आता थकले होते. त्यांनी तो मांडीवर घेतला, एकेक चावी दाबून पाहिली, बराच वेळ लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “गळता अजून. घरी न्या.”

तो अजून अक्काकडेच आहे. दसऱ्याला ती त्याची पूजा करते, झेंडूचं फूल वाहते, आणि शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून त्यात पपईचा ताजा देठ ठेवते. पाणी अगदी स्थिर असतं. मला ते फार वेळ बघवत नाही.