एकशेवीसच्या आत

रायपुरात सकाळी सहाच्या आत चौघांशी भांडून, आंघोळ उरकून, पोहे खाऊन मोकळा होणारा माणूस एकच, आमचे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान. तात्यापाऱ्यात राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेत, आणि साठाव्या वर्षी त्यांनी एकवीस किलोमीटर पळायचं मनावर घेतलंय. गेल्या हिवाळ्यातल्या शर्यतीत ते अकराव्या किलोमीटरला थांबले, पण दमून नव्हे. रस्त्यात पाण्याचा पेला फेकणाऱ्याला झापायला. तो निघून गेला, मग यांनी पाणी देणाऱ्यांना धरलं. शर्यत आटोपली, झापणं आटोपलं नाही.

समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी समजावलं, दोनशे वीसमधून वय वजा करा, उरतील ते हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके. दम वाढवायचा तर त्याच्या पाऊणपटीत, म्हणजे एकशेवीसच्या आत राहून पळा. "वय वजा काहून करायचं? जोडा न," म्हणत साडभाऊ डॉक्टरांवरच उखडले. ठोके मोजणारं घड्याळ मात्र बांधलं. पळताना ते दाखवी एकशेपंधरा, आणि उलट्या बाजूनं येणारी स्कूटी दिसली की उभ्या उभ्या एकशेचाळीस.

डॉक्टरांनी आणखी एक खूण दिली होती. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर. आता साडभाऊंना पूर्ण वाक्यं सुचतात ती रागातच, आणि राग ऐकायला माणूस लागतो. म्हणून रोज पहाटे तळ्याकाठी त्यांच्याबरोबर पळायला मी.

"तुझ्या सासऱ्यानं तुले पोट्टी दिली कशी, मले समजत नाही."

"त्याच सासऱ्यानं तुम्हालेही दिली, भाऊ."

"म्हणूनच म्हणतो. माणसाची पारख होती त्यांले. मंग तुझ्या वेळी काय झालं?"

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत धडधडलं आणि ठोके कमी करणारी गोळी सुरू झाली. आता कितीही भडकले तरी घड्याळ शंभरावर जात नाही. त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. "पाह्य. एवढा तापलो मी, अन् हे म्हणते पंच्याण्णव. म्हणजे माझा राग खोटा आहे का?" एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज खाली होता.

डॉक्टर म्हणाले, घड्याळ विसरा, वाक्यावर जा. वाक्य तुटलं की थांबायचं. यंदाची शर्यत हवी असेल तर एवढं पाळा.

काल त्यांनी "तुझ्या सासऱ्यानं" सुरू केलं आणि "पोट्टी"पाशी दम तुटला. ते थांबेनात. मीच थांबलो, वाकलो, बुटाची चांगली बांधलेली नाडी सोडली आणि सावकाश बांधू लागलो. ते परत आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"एक नाडी बांधता येत नाही तुले," शेवटी ते म्हणाले, "अन् निघाला माझ्यासोबत एकवीस किलोमीटर पळायले."

पूर्ण वाक्य होतं. मी उठलो.