शालनच्या नावचं पाकीट

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी शालनसाठी तांदळाची पेज करत होतो. सकाळी तिनेच मागितली होती. "मीठ बेतानं घाला, तुमचा हात लई सैल," असं वर बजावलं होतं. फोनवरची मुलगी म्हणाली, "काका, घरात अजून कोणी आहे का?" तेवढ्यावरच मला कळलं. कोपरखैरण्याच्या या घरात आम्ही दोघंच होतो, आणि दुसरी तर त्यांच्याकडेच होती...

तेराव्याला माणसं जमली. कंपनीतला माझा एक जुना सहकारी उठून दोन शब्द बोलला. "मूल झालं नाही, पण यांनी वहिनींना कधी अंतर दिलं नाही. दुसऱ्या लग्नाचा विचारसुद्धा केला नाही. असा देवमाणूस आज बघायला मिळत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांनी गेले सात आठवडे मला झोपू दिलेलं नाही. म्हणून आता नीट लिहितो. शालन वांझ नव्हती. तिला मूल झालं नाही ते माझ्यामुळे, आणि हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी तुर्भ्याच्या कारखान्याने मला मशीन बसवायला तीन महिने गुजरातेत पाठवलं. मी तिथे फिटर म्हणून गेलो होतो. परतण्याच्या आदल्या संध्याकाळी बरोबरच्या माणसांसोबत मी जाऊ नये अशा ठिकाणी गेलो. कुणी ओढून नेलं नव्हतं, माझ्या पायांनी गेलो. घरी आल्यावर आठवड्याभरात लघवीला आग व्हायला लागली, चड्डीला पू लागायला लागला. घाबरून मी ओळखीचं कुणी भेटणार नाही असा लांबचा डॉक्टर गाठला. त्याने इंजेक्शन दिलं, वर गोळ्यांची दोन पाकिटं दिली. "हे तुमचं, हे मिसेसचं. त्यांना काही त्रास नसला तरी दोघांनी एकदमच घ्यायचं. बायकांना हे कळतच नाही, आतल्या आत वाढतं." मी "हो डॉक्टर" म्हणून बाहेर पडलो.

माझं पाकीट मी संपवलं आणि चार दिवसांत ठणठणीत झालो. तिचं पाकीट कंपनीच्या लॉकरमध्ये डब्यामागे ठेवलं. द्यायचं तर कशाचं ते सांगावं लागलं असतं. रोज ठरवायचो, आज सांगू. पण ती हसतखेळत होती, तिला कुठे काय होत होतं? मग उगाच संसारात काडी कशाला टाका... असं मी स्वतःला समजावत राहिलो. काही महिन्यांनी लॉकर साफ करताना ते पाकीट कचऱ्यात टाकलं.

पुढच्या वर्षी तिच्या अंगावरून पांढरं जाऊ लागलं. ती माझ्या आईला म्हणाली, आई म्हणाली, "बायांचं असतंच ते, अशक्तपणा आहे," आणि खारीक-डिंकाचे लाडू करून दिले. शालनने ते मुकाट्याने खाल्ले. ओटीपोटात दुखायचं, मधूनच बारीक ताप यायचा, तरी ती पोटाशी उशी धरून भाकऱ्या थापायची. मला लगेच डॉक्टरकडे पळवणारा तोच आजार तिच्या अंगात वर्षानुवर्षं पोखरत राहिला, आणि घरात त्याला सगळे अशक्तपणा म्हणत राहिले.

पाच वर्षांनी तपासण्या झाल्या. माझा रिपोर्ट उत्तम आला. शालनच्या पोटात औषध सोडून फोटो काढला, तर दोन्ही नळ्या बंद. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पूर्वी कधी इन्फेक्शन झालं होतं का, दोघांपैकी कुणाला?" शालन लगेच म्हणाली, "न्हाई वो बाई." मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो. गावी आईने माझा रिपोर्ट घरोघर सांगितला. आपल्या लेकात काही खोट नाही, याचा तिला केवढा आनंद!

धाकट्या भावाच्या मुलाचं बारसं घणसोली गावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत होतं. पाळण्याभोवती बायका जमल्या तशी आई म्हणाली, "शालन, तू आत पुऱ्या तळ." सगळ्यांना अर्थ कळला. मी बाहेर पेढे वाटत होतो. मी आत डोकावलो तेव्हा ती कढईतून टम्म पुरी काढत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, माज्या हातून फुगायचं ते एवढंच." आणि हसली. त्या वेळी बाहेर येऊन मी चार शब्द बोललो असतो, तर तिला पाळण्याची दोरी मिळाली असती. मी मात्र आणखी पेढे आणायला गेलो.

बऱ्याच वर्षांनी ती महिलांच्या बचत गटात जाऊ लागली. एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टर तिथे येऊन नवऱ्याकडून बायकोला लागणाऱ्या आजारांची माहिती सांगून गेल्या. त्या दिवशी शालन घरी आली, पदर खोचून भाकरी टाकली आणि तव्याकडे बघतच म्हणाली, "आवो, एक इचारू? तुमाला कधी ते झालं हुतं का? गुजरातेतनं आला तवा?"

"नाही," मी म्हणालो. विचार करायलासुद्धा थांबलो नाही.

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

डॉक्टरीणबाईंसमोर मी घाबरून गप्प राहिलो होतो. हे खोटं मात्र सरावाने बोललो. त्यानंतर शालनने तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही. पण दर सोमवारी ती वस्तीतल्या कुणा ना कुणा बाईला घेऊन आरोग्य केंद्रात जाऊ लागली. आमच्या दारात चपला वाढल्या. एक दिवस आतल्या खोलीतून मी ऐकलं, ती कुणाला तरी समजावत होती, "नवऱ्याला इचारू नगं. तो न्हाईच म्हणणार. तू आपली तपासून घे." म्हणजे तिला कळलं होतं. पंधरा वर्षं तिने मला त्या एका 'नाही'सकट सांभाळलं.

मागच्या आठवड्यात मी भावाला आणि त्याच्या बायकोला घरी बोलावून सगळं सांगितलं. भाऊ म्हणाला, "दादा, आता गेलं ना ते? कशाला टेन्शन घेतोस?" त्याची बायको मात्र उठून उभी राहिली. "भावजी, मी त्यांना माझ्या पोराच्या पाळण्याला हात लावू दिला नव्हता... आणि तुम्ही पेढे वाटत होतात?" ती चहा न घेता गेली. योग्यच केलं तिने. तिला मी सांगितलं आहे, नात्यात सगळ्यांना सांग, माझं नाव घेऊन सांग.

परवा सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात बाविशीतली एक मुलगी. "काकी आहेत? गावावरून आलीस की सोबत येते बोललेल्या." गावी गेली होती, तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर ती रडवेली होऊन वळली. मी म्हणालो, "थांब, चप्पल घालतो."

"तुमी कशाला, काका?"

"बाहेर बसेन. एकटी नको जाऊस."

केंद्रात भिंतीकडेच्या बाकावर बायका दाटीने बसल्या होत्या, तरी खिडकीकडचं टोक रिकामं होतं. "तिथे काकी बसायच्या," ती हळूच म्हणाली. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी तिथे बसलो. तासाभराने ती गोळ्या घेऊन बाहेर आली, हातात दोन पाकिटं.

"एक त्यांचं आहे," ती म्हणाली. "पण ते नाही घेणार, काका. भांडण होईल. बोलतील, मला काय झालंय?"

"त्याला फोन लाव."

"काय सांगणार तुमी त्यांना?"

"माझं सांगणार," मी म्हणालो.