उशिरा आलेला मोहर

जानेवारी संपता संपता मसुऱ्याहून मालवणला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक साठीची बाई येऊन बसली. तिच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली आंब्याची डहाळी होती. दर दोन मिनिटांनी ती फडकं उघडून आत बघायची. शेवटी न राहवून तिनं ती डहाळी माझ्या नाकाखालीच धरली.

"बघ गो, मोहर इलो!"

दोन वर्षं थंडी अशी पडलीच नव्हती. डिसेंबरातही पाऊस यायचा आणि तिच्या दारातल्या, वडिलांनी लावलेल्या हापूसला नुसती पालवी फुटायची. कंटाळून मालवणातल्या भावानं झाड लाकडाला विकलं होतं. उद्या सकाळी लाकूडवाला ते तोडायला येणार होता. भाऊ फोनवर ऐकेना, म्हणून ती पुरावाच घेऊन निघाली होती.

"झाड वांझ नाय गो," ती म्हणाली, "थंडी वाट चुकलेली."

स्टँडवर बस थांबायच्या आधीच ती दारात जाऊन उभी राहिली. तिला घ्यायला आलेला भाऊ समोरच होता. तिनं डहाळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती हुंगली, पुन्हा हुंगली आणि फोन काढला.

"उद्या येव नको रे. झाड तोडूचा नाय."

ही थंडी किती दिवस टिकेल, कुणाला ठाऊक! पण बाईला थांबायला सवड नव्हती. भावाचा दंड धरून ती त्याला बाजाराकडे ओढत होती.

"चल बेगीन! मोहराक तुडतुडे लागूच्या आदी फवारूक होया!"