तलाठ्याची हद्द

गेनबांनी कुत्र्याचं नाव ‘तलाठी’ ठेवलं, त्यात सरकारचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. वारज्याच्या चिंचमळ्यात वाढलेलं ते तांबूस गावठी कुत्रं वर्षाचं होतं न होतं तोच एका सकाळी आपण होऊन बांधावरून चालत सुटलं. चिंचेपासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून म्हसोबाच्या दगडापर्यंत, तिथून पश्चिमेच्या बांधाने परत चिंचेखाली. तीन एकरांची हद्द नाकाने तपासून, जागोजागी पाय वर करून रीतसर नोंदी घालून, ते गेनबांच्या पुढ्यात येऊन बसलं. म्हसोबापाशी मात्र पाय उचलला नाही. एवढी समज होती.

“आयला, ह्यो तर तलाठी हाय!” गेनबा म्हणाले, आणि बारसं झालं.

पुढची सात वर्षं एक सकाळ चुकली नाही. गेनबा चिंचेखाली बसायचे, तलाठी हद्द मोजून यायचा, समोर बसायचा, गेनबा त्याच्या मानेवरून हात फिरवायचे, मग दिवस सुरू. खरा तलाठी त्या शेतात कधी फिरकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तो आला जमीन विकायच्या वेळी. कुत्रा भुंकायला लागला तसे गेनबा कडाडले, “तलाठी, गप बस! लई शानपना नको!” खुर्चीतले साहेब दचकून गप्प बसले. गेनबांच्या मुलाने, बजरंगने, दोनदा चहा पाजून कुत्र्याचं नाव समजावून सांगितलं, तेव्हा साहेबांच्या जिवात जीव आला. त्या दिवशी सगळे हसले. गेनबाही हसले. त्या मळ्यातलं त्यांचं ते शेवटचं हसणं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बजरंगचं हार्डवेअरचं दुकान बिबवेवाडीत. तिथेच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. गेनबांना गॅलरी मिळाली आणि तलाठ्याला पट्टा. लाल रंगाचा, वर पितळी चकतीवर बजरंगचा फोन नंबर. आयुष्यात पहिल्यांदाच गळ्यात काहीतरी आल्यावर तलाठी खाली बसला तो उठेचना. ओढलं तर नवरी मुलगी सासरी निघताना चालते तसा चालायचा, पाय मागे टाकत. एकदा गेनबांनी सोसायटीच्या आवारात पट्ट्याची दोरी सोडली, तर सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावरून म्हणाले, “आजोबा, मोकाट कुत्री आवारात चालत नाहीत.”

“मोकाट न्हाई ओ. मोकळा हाय.”

“दोरी सुटली की शब्द बदलतो.” खिडकी बंद झाली.

महिनाभरात तलाठ्याने खाणं टाकलं. सून मैना चांगली होती. तिने दूधभात दिला, अंडं दिलं, शेवटी मुलांपासून लपवून ठेवलेली बिस्किटंही दिली. तलाठी वास घेऊन तोंड फिरवायचा. जनावरांच्या दवाखान्यातल्या सुरय्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, दात पाहिले, आणि मग कुत्र्याकडे न बघता गेनबांकडे बघत म्हणाल्या, “बाबा, याला आजार नाही. याला पळायला जागा हवी. सोडता येईल अशी. नाहीतर हा असाच बसून जाईल.”

“जाईल म्हंजी?”

बाई हात धुवायला गेल्या.

तेव्हापासून गेनबा पुण्यात जागा शोधत हिंडू लागले. ज्याच्याकडे तीन एकर होते, तो माणूस आता कुत्र्याला सोडण्यापुरती जमीन मागत फिरत होता. बागेच्या दारावर रखवालदार म्हणाला, “कुत्र्यांना प्रवेश नाही.” आत गवतावर चार कुत्री झोपली होती. गेनबांनी बोट दाखवलं. “ती आतलीच आहेत,” रखवालदार म्हणाला. टेकडीवर नेलं, तर पांढऱ्या बुटांतल्या एका बाई म्हणाल्या, “अहो, धरा त्याला, मला भीती वाटते.” तलाठी तेव्हा आडवा पडून माशा बघत होता. शाळेच्या मैदानात पंधरा जणांचं क्रिकेट चाललं होतं. तिथे तलाठ्याला चेंडू आणण्याच्या कामावर ठेवायला सगळे तयार होते, पण ते काम त्याच्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं.

शेवटी बजरंगने मोबाइलवर खास कुत्र्यांचं पार्क शोधून काढलं. जाळीचं कुंपण, हिरवा गालिचा, रबरी बोगदा. दाराशी एका मुलीने फॉर्म पुढे केला. “अंकल, ब्रीड?”

“काय?”

“जात विचारत्यात, तात्या,” बजरंग म्हणाला.

“आता कुत्र्याचीबी?” गेनबा म्हणाले. “लिवा, वारजेकर.”

आत दोरी सुटताच तलाठी उठला. गेनबा आनंदाने पुढे सरकले. तलाठी कुंपणाच्या कडेकडेने निघाला, चार कोपरे हुंगले आणि अर्ध्या मिनिटात येऊन पुढ्यात बसला. मोजणी संपली होती. बाजूला कुरळ्या केसांचं एक पांढरं कुत्रं बोगद्यातून आत-बाहेर करत होतं. तलाठी त्याच्याकडे, शहाणा माणूस लग्नातल्या नाचाकडे बघतो, तसा बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी बजरंग दुकानात गेल्यावर गेनबांनी रिक्षा केली आणि तलाठ्याला वारज्याला नेलं.

चिंचमळ्याला पत्रे ठोकले होते. बांधकाम सुरू झालं नव्हतं. विहीर बुजली होती, चिंच होती, म्हसोबा होता. राखणीला कादर होता. वारज्यातल्या करीम सायकलवाल्याचा मुलगा, लहानपणी ह्याच चिंचेवर दगड मारून गेनबांच्या शिव्या खाल्लेला.

“काम कवा चालू व्हतंय?” गेनबांनी विचारलं.

“दिवाळीनंतर म्हणतात, तात्या.”

“कंच्या?”

कादर हसला आणि त्याने पत्रा सरकवला.

आणि इथे गेनबांची चूक झाली. आयुष्यभर ते बैल सोडत आले होते. औत सुटलं की जनावराच्या गळ्यातलं दावं पार काढायचं आणि मान चोळायची, ही त्यांच्या बापाची शिकवण. गळ्यात दोर राहिला तर त्याला सोडलं म्हणत नाहीत. गेनबांनी नुसती दोरी सोडली नाही. बक्कल उघडून सगळा पट्टाच काढला, चकतीसकट, आणि कोपरीच्या खिशात घातला. मान चोळली.

“जा. मोजून ये.”

तलाठी गेला. कमरेएवढ्या गवतातून त्याचं शेपूट तेवढं दिसत होतं. गेनबा चिंचेखाली टेकले. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी डुलकी त्यांना लागली.

पश्चिमेचा बांध मात्र आता बांध नव्हता. त्यावरून मोठा रस्ता गेला होता. तलाठ्याला हे कुणी कळवलं नव्हतं. तो जुन्या नकाशाप्रमाणे पत्र्याच्या फटीतून बाहेर पडला आणि आपल्या हद्दीवरून, रस्त्याच्या मधोमध, शांतपणे चालू लागला.

कादरने हलवून जागं केलं. “तात्या, कुत्र्यांची गाडी आली होती. जाळी टाकून नेला. मी ओरडलो, आमचा आहे म्हणून. ते म्हणाले, गळ्यात काही नाही, मोकाट आहे.”

गेनबांनी खिशावर हात ठेवला.

पिंजरे होते तिथे पोचायला त्यांना दुपार झाली. टेबलामागच्या चष्मेवाल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं. “पट्टा कुठे आहे?”

“खिशात.”

“वा. खिसा हरवला असता तर नक्की सापडला असता.” त्याने रजिस्टर ओढलं. “आपला असेल तर सही करा, पट्टा बांधा, घरी न्या. आपला नसेल तर मोकाट. मोकाटाचं ऑपरेशन होतं, इंजेक्शन देतात, खुणेला कानाचं टोक कापतात आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडतात.”

“तिथंच?”

“तिथेच. दुसरीकडे सोडायची परवानगी नाही. त्यांची हद्द ठरलेली असते.”

“आन् तिथनं कुनी हाकललं तर?”

“हाकलता येत नाही. नियम आहे.”

गेनबांनी काठी टेबलाला टेकवली. मग म्हणाले, “असा नियम मानसांसाठी हाय का ओ?”

“मी कुत्र्यांच्या विभागात आहे,” कारकून म्हणाला.

मागच्या पिंजऱ्यात तलाठी गेनबांना बघून उठला होता. शेपूट जाळीवर आपटत होतं. कारकुनाने मान वळवून पाहिलं. “ओळखतो की तुम्हाला.”

“वारज्याचा हाय. तिकडची समदी कुत्री वळखत्यात मला.”

“म्हणजे आपला नाही?”

पेन रजिस्टरवर थांबलं होतं. गेनबांना चौथा मजला दिसला, गॅलरी दिसली, वास घेऊन सोडलेला दूधभात दिसला.

“न्हाई,” ते म्हणाले, आणि मागे न बघता बाहेर आले. पाठीमागे तलाठी एकदाच भुंकला. त्याला वाटलं असावं, म्हातारा विसरला.

पाचव्या दिवशी गाडी चिंचमळ्याशी आली तेव्हा गेनबा सकाळपासून कादरच्या पत्र्याच्या खोलीपाशी उभे होते. फट कादरने फळ्या ठोकून बंद केली होती. रोजची भाकरीही त्यानेच कबूल केली होती. तलाठी उतरला. डाव्या कानाचं टोक गेलं होतं. त्याने हवा हुंगली, तडक गेनबांकडे आला, कोपरीच्या खिशाला नाक लावलं, पट्टा ओळखला, आणि खाली बसून मान पुढे केली.

बांध पट्टा, म्हणत होता. चल, येतो.

कादर तोंड फिरवून उगाच कुलूप तपासायला लागला. गेनबांनी ती मान चोळली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

“जा रं. मोजून ये.”

तलाठी विहिरीच्या जागेकडे निघाला. शेपूट गवतात शिरलं तशी गेनबांनी काठी उचलली. हद्द पुरी व्हायच्या आत निघायला हवं होतं. तो परत येऊन पुढ्यात बसला असता, तर त्यांना जाता आलं नसतं. सत्तरी उलटलेला तो माणूस बस स्टॉपपर्यंत जवळजवळ पळत गेला.

संध्याकाळी कादरचा फोन आला. “चिंचेखाली बसलाय, तात्या. दुपारपासून हलला नाही.”

“भाकर?”

“आत्ता खाल्ली. अर्धी.”

“उरल्याली तिथंच ऱ्हाऊ दे,” गेनबा म्हणाले.

बजरंग दुकानातून आला, त्याने गॅलरीत डोकावून पाहिलं. पाच दिवस तो कुत्र्याचा शोध घेत होता. त्याला बापाने काही सांगितलं नव्हतं. “काही कळलं का हो, तात्या, तलाठ्याचं?”

गेनबा खिशातली पितळी चकती अंगठ्याने घासत होते.

“बदली झाली त्याची,” ते म्हणाले. “जुन्याच गावी.”