परातीतला गहू

“मॅडम, यात बियाणं आपल्याच कंपनीचं आहे ना?” सावंतसाहेबांनी इतक्या हळू विचारलं, की मला वाटलं कुणीतरी गेलंय.

नवरात्र चालू होतं. ठाण्यातल्या आमच्या सीड कंपनीच्या रिसेप्शनमध्ये घट बसला होता आणि भोवतीच्या मातीत आमचाच गहू पेरला होता. अष्टमीला डीलर्स मीटिंग, त्याच दिवशी रब्बीचं बुकिंग. आणि घटातला गहू अर्धा उगवलाच नव्हता, उगवला तो पिवळा नि बुटका. कंपनीचं बी कंपनीतच उगवत नाही, हे डीलरांनी पाहिलं की सीझन बोंबलला. बियाणं तपासायचं काम माझं, म्हणजे नोकरीही माझीच जाणार होती.

सावलीतला अंकुर पिवळा असतो, पण लांब होतो. हा बुटका का? मी मातीत बोट खुपसलं. पचक्कन पाणी वर आलं, वर कुजका वास. बियाला पाण्याइतकीच हवाही लागते. ती मातीच्या कणांमधल्या फटींत असते. फटी पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात.

घरी आपण घटाची माती पत्रावळीवर नाहीतर परडीत घालतो, पाणी निथळून जातं. आमच्या ॲडमिननं टाइल्स खराब होऊ नयेत म्हणून स्टीलची परात आणलेली. पाणी कोण घालतं म्हणून चौकशी केली, तर सगळेच. येता-जाता कूलरवर ग्लास भरायचा, ओतायचा, नमस्कार करायचा. सगळ्यांत मोठी बाटली साहेबांची.

“अहो, आमच्या राजापुराकडे भात पाण्यातच उभा असतो,” साहेब म्हणाले.

“भात वरची हवा खोडातून मुळांपर्यंत पोचवतो, साहेब. गव्हाला ते फारसं जमत नाही.”

“मग काढा पाणी. पण बसलेला घट हलवायचा नाही हां. बायको घरात घेणार नाही मला.”

मी सुती कापडाच्या पट्ट्या फाडल्या. एक टोक मातीत, दुसरं चौरंगावरून खाली बादलीत. थेंब थेंब पाणी उतरू लागलं. आता लोकांचे ग्लास थांबवायचे होते. म्हणून पाणी घालायचा मान अकाउंट्सच्या जोशीबाईंना दिला. या बाई जुनी रिफिल जमा केल्याशिवाय नवं पेन देत नाहीत. त्यांनी घटावरही बोटानं शिंपडण्यापलीकडे खर्च केला नाही.

चौरंग खिडकीकडे जरा उंच होता, त्यामुळे उरलेलं पाणी कूलरकडे साचायचं. अष्टमीपर्यंत ती बाजू छान तरारली, कूलरकडची पिवळीच राहिली. साहेबांना हिरवी बाजू समोर हवी होती. घट हलवता येत नव्हता, म्हणून आम्ही डीलरांच्या सगळ्या खुर्च्या हलवल्या.

साहेबांचं भाषण रंगात आलं होतं, तेवढ्यात निफाडचे एक जुने डीलर, आप्पा, पाणी प्यायला कूलरकडे गेले आणि तिथेच थबकले. त्यांनी पिवळ्या बाजूची माती चिमटीत घेतली, हिरव्या बाजूची घेतली, दोन्ही हुंगल्या.

“बियाणं दमदार आहे, एवढं बुडवूनही उभं राहिलं,” ते म्हणाले. “आमचं बुकिंग लिहून घ्या. फक्त ज्यानं पाणी घातलं, त्याला आमच्या शेतकऱ्यांना सल्ला द्यायला पाठवू नका.”

सगळा स्टाफ साहेबांकडे बघू लागला.

बुकिंग चांगलं झालं, माझी नोकरी टिकली. पिकाच्या जाणकारांमध्ये पीक वाढवायचं असेल तर आधी त्यांच्या हातातलं पाणी काढून घ्यावं, एवढं मी शिकले. पुढच्या वर्षी परडी आली. साहेब अजूनही बाटली घेऊनच घटापुढे उभे राहतात, आणि जोशीबाई ती त्यांनाच प्यायला लावतात.